‘नमुना ग्राहकाने दिल्याप्रमाणे’: कापडाचा टेस्ट रिपोर्ट वाचताना

कापडाच्या जवळजवळ प्रत्येक टेस्ट रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते, आणि नमुना ग्राहकाने दिल्याप्रमाणे. ती कुणी वाचत नाही. ‘पास’चा रकाना बघितला की रिपोर्ट बायरकडे जातो आणि माल कंटेनरमध्ये. खरं तर अख्ख्या रिपोर्टात सगळ्यांत प्रामाणिक ओळ तीच. चार हजार मीटरच्या लॉटमधून लॅबमध्ये गेलं मीटरभर कापड, आणि त्यातून अ‍ॅझो गटातल्या बंदी असलेल्या रंगांच्या चाचणीसाठी काट्यावर आला एक ग्रॅम. तो ग्रॅम कुठल्या रंगाचा, थानाच्या कुठल्या टोकाचा, तोवर कापड कशात गुंडाळून ठेवलं होतं, हे लॅबला ठाऊक नसतं. ते ठरवतो कारखान्यात कात्री हातात असलेला माणूस, आणि बहुतेक वेळा त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

डोळ्यांसमोर दोन वस्तू ठेवू: निर्यातीसाठीचा छापील सुती बेबी फ्रॉक आणि सोलापूरचा टेरी टॉवेल. दोन्ही साध्या दिसतात, पण अडकतात मात्र अगदी वेगळ्या ठिकाणी.

लॅब मान्यताप्राप्त आहे, पण ती टेस्ट?

‘एनएबीएलची लॅब’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, मान्यता देतं ती लॅबमधल्या ठरावीक चाचण्यांना. आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे (सध्याची आवृत्ती २०१७ ची) तपासणी होते आणि मान्य झालेल्या चाचण्यांची यादी, म्हणजे ‘स्कोप’, प्रमाणपत्राला जोडलेली असते. त्यात उत्पादन, चाचणी, पद्धतीचा क्रमांक आणि मोजमापाची मर्यादा असं सगळं ओळीने येतं. एखाद्या लॅबच्या स्कोपमध्ये रंगाचा पक्केपणा आणि कापडाची ताकद असेल पण फॉर्मल्डिहाइड (फिनिश आणि छपाईतून कापडात उरणारा घातक वायू) नसेल, तर तिच्या फॉर्मल्डिहाइडच्या आकड्याला त्या मान्यतेचं पाठबळ नाही. ती लॅब वाईट असते असं नाही, पण तिथे त्या चाचणीचं काम तिसऱ्या कुणी तपासलेलं नसतं.

स्कोप एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राच्या क्रमांकावरून कुणालाही उघडता येतो. नमुना पाठवण्याआधी तीन गोष्टी जुळवून घ्याव्यात: पद्धतीचा क्रमांक तोच आहे का, तिची आवृत्ती बायरने मागितलेली आहे का, आणि मान्यतेची मुदत चालू आहे का. रिपोर्ट आल्यावर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर क्रमांक (त्या रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक) बघावा. मुंबई-ठाण्यात वस्त्रोद्योग समितीची प्रभादेवीची लॅब, घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सस्मिरा, ठाण्याची लोकर संशोधन संस्था डब्ल्यूआरए ही जुनी आणि जाणकार ठिकाणं आहेत. पण जुन्या नावाकडे जातानाही स्कोप बघायचाच.

एनएबीएल एकमेकांच्या मान्यता स्वीकारणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयलॅक करारात असल्यामुळे इथला रिपोर्ट बाहेरच्या देशांत तांत्रिकदृष्ट्या मान्य होतो. अमेरिकेला जाणारे मुलांचे कपडे मात्र याला अपवाद आहेत. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी २००८ च्या सीपीएसआयए कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यामागची चाचणी सीपीएससी या तिथल्या सरकारी आयोगाने स्वतः स्वीकारलेल्या लॅबमध्येच व्हावी लागते. १७०२५ ची मान्यता ही तिथे नुसती पहिली पायरी. आयोगाच्या यादीत लॅबचं नाव आणि त्या नावापुढे नेमका तो नियम, दोन्ही हवेत. हे माल बंदरात पोचल्यावर कळलं की काय होतं, ते निर्यातदारांना वेगळं सांगायला नको.

ओको-टेक्सचा गोंधळ आणखी वेगळा. १९९२ पासून चालत आलेलं स्टँडर्ड १०० हे उत्पादनाचं, त्यातली घातक रसायनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र आहे, त्याची मुदत एक वर्ष असते आणि ते ठरावीक कच्च्या मालावर, ठरावीक रंगांवर दिलेलं असतं. त्यात चार वर्ग आहेत: पहिला तीन वर्षांपर्यंतच्या बाळांचा, दुसरा अंगाला लागून असणाऱ्या कपड्यांचा, तिसरा वरच्या कपड्यांचा, चौथा पडदे-गादीच्या कापडासारख्या सजावटीचा. ‘आमचं सूत ओको-टेक्स आहे’ असं म्हणून त्या सुताचा फ्रॉक आपोआप ओको-टेक्स होत नाही. मध्ये रंग चढतो, छपाई होते, बटण, दोरा आणि लेबल लागतं. आणि सूत दुसऱ्या वर्गाचं असेल तर बाळाच्या कपड्यासाठी तो कागद अपुराच.

नमुना

फ्रॉकच्या छपाईत सात रंग असतील तर अ‍ॅझोसाठी सातही रंग तपासायला हवेत. पैसे वाचवायला लॅब तीन रंग एकत्र करून एक चाचणी करते आणि ते चालतं, पण त्यातलं गणित समजून घ्यायला हवं. युरोपची मर्यादा प्रत्येक अमाइनला (रंग तुटल्यावर सुटणाऱ्या रसायनाला) किलोमागे ३० मिलिग्रॅम. तीन रंगांचं समान मिश्रण केलं आणि त्यातल्या एकाच रंगात नेमके ३० असले, तर मिश्रणात दिसणार १०. म्हणजे मिश्रणाचा निकाल १२ आला तर तो ‘३० च्या आत’ नसतो. तो तिन्ही रंग सुटे करून पुन्हा बघण्याचा इशारा असतो. मिश्रणाच्या आकड्यासमोर सरळ ‘पास’ लिहिलेला रिपोर्ट दिसला तर फोन करून विचारायचं. चौथा रंग मिश्रणात घालू द्यायचा नाही.

आणखी एक राहून जाणारी गोष्ट म्हणजे छोटे भाग. शिलाईचा दोरा, भरतकामाचा दोरा, लेस, इलॅस्टिक, मानेचं लेबल, अस्तर. मुख्य कापड चांगल्या प्रोसेस हाऊसमधून येतं आणि त्याचे कागदही नीट असतात. लेस मात्र बाजारातून किलोवर घेतलेली. बाळ तोंडात घालतं ती लेसच.

फॉर्मल्डिहाइडच्या नमुन्याला स्वतःचा नियम आहे. कापून लगेच पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करायचा, कारण हा वायू उडूनही जातो आणि शेजारच्या कापडातून, प्लायवूडच्या कपाटातून आतही शिरतो. बाळाचे कपडे रेझिन फिनिशच्या (चुरगळू न देणाऱ्या लेपाच्या) शर्टांच्या थप्पीशेजारी आठवडाभर ठेवले तर स्वच्छ कापडही नापास होऊ शकतं. जपानला दोन वर्षांखालच्या बाळांचे कपडे पाठवणारे कारखाने प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत घालतात ते यामुळे. तिथली मर्यादा किलोमागे १६ मिलिग्रॅम आहे.

अ‍ॅझो: रंगाची मोडतोड

अ‍ॅझो रंग सगळे वाईट नसतात. अडचण त्यांची आहे ज्यांचा दुवा तुटल्यावर कर्करोगकारक अमाइन सुटतं. जर्मनीने १९९४ मध्ये बंदी आणली, पुढे ती युरोपभर झाली. युरोपच्या रीच या रसायन नियमावलीच्या ४३ व्या नोंदीत आज २२ अमाइनं आहेत. भारतानेही १९९३ मध्ये बेन्झिडीनवर आधारलेले ४२ रंग आणि १९९७ मध्ये आणखी ७० अ‍ॅझो रंग हाताळायला बंदी केली. चीनची यादी २४ अमाइनांची आणि मर्यादा २०. त्यामुळे ‘अ‍ॅझो पास’ एवढंच लिहिलेल्या कागदाला अर्थ नाही. कुठल्या यादीप्रमाणे, कुठल्या मर्यादेला, हे हवं.

पद्धत आयएसओ १४३६२-१. एक ग्रॅम कापड बारीक कापून सहा पीएचच्या सायट्रेट बफरच्या १७ मिलीलीटरमध्ये ७० अंशांवर अर्धा तास. मग मिलीलीटरमागे २०० मिलिग्रॅम ताकदीचं सोडियम डायथायोनाइट ३ मिलीलीटर घालून पुन्हा अर्धा तास त्याच तापमानावर, आणि दोन मिनिटांत थंड. डायथायोनाइट म्हणजे आपल्या रंगखात्यातलं हायड्रोस. ते दुवा तोडतं, सुटलेलं अमाइन द्रावकात ओढून घेतात आणि यंत्रावर मोजतात. हायड्रोस हवेत झपाट्याने मरतं. जुनं, ओल लागलेलं वापरलं तर रंग अर्धवट तुटतो आणि दोषी कापड सुटतं. म्हणून चांगली लॅब प्रत्येक खेपेला ज्ञात प्रमाणातलं अमाइन घालून ते किती परत मिळालं हे तपासते. पॉलिस्टरचा डिस्पर्स रंग असा पाण्यात निघत नाही. तो आधी उकळत्या झायलीनने काढावा लागतो. पॉलिस्टरच्या लेसवर सुती कापडाची पद्धत चालवली तर निकाल छान येतो, आणि चुकीचा असतो.

चार-अमिनोअ‍ॅझोबेन्झिन हे एक तिरपांगडं प्रकरण. ते या पद्धतीत टिकत नाही, पुढे तुटून अ‍ॅनिलीन आणि पॅराफेनिलीनडायअमाइन होतं. पहिल्या भागात अ‍ॅनिलीन ५ च्या वर दिसलं किंवा दुसरं सापडलं, तर मानकाच्या तिसऱ्या भागाची सौम्य चाचणी करावी लागते. रिपोर्टात ती ओळ नसेल आणि अ‍ॅनिलीनचा आकडाही नसेल तर विचारावं.

उलटीही चूक होते. स्पँडेक्समधल्या किंवा छपाईच्या लेपातल्या पॉलियुरेथेनमधून ४,४’-डायअमिनोडायफेनिलमिथेन किंवा २,४-टोल्युइनडायअमाइन निघू शकतं आणि बिचारा रंग गुन्हेगार ठरतो. अशा वेळी रंग न दिलेल्या त्याच कापडाचा तुकडा सोबत तपासून घेणं हाच उपाय.

आपल्याकडे धोका कुठे? नामांकित कंपनीच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत सहसा नसतो. तो असतो सुट्या, नाव नसलेल्या, दोन रंग मिसळून डब्यात भरलेल्या मालात, आणि नॅफ्थॉलच्या बेसमध्ये, म्हणजे नॅफ्थॉलशी जोडून कापडावरच रंग घडवणाऱ्या रसायनात. फास्ट ब्लू बी बेस म्हणजे डायअ‍ॅनिसिडीन, फास्ट गार्नेट जीबीसी म्हणजे अमिनोअ‍ॅझोटोल्युइन, फास्ट रेड टीआर म्हणजे क्लोरोटोल्युइडीन. तिन्ही बंदी यादीतली अमाइनं. लुगड्याच्या काठाचा गर्द रंग किंवा चादरीचा किरमिजी रंग जिथे अजून जुन्या पद्धतीने होतो, तिथे बेसच्या डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय सूत निर्यातीच्या मालात घालू नये.

पिवळा रंग, ४१२ नॅनोमीटर

फॉर्मल्डिहाइडची रोजची पद्धत आयएसओ १४१८४-१. एक ग्रॅम कापड, १०० मिलीलीटर पाणी, ४० अंश, एक तास. गाळलेल्या ५ मिलीलीटरमध्ये ५ मिलीलीटर अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन घालून ४० अंशांवर अर्धा तास; पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला मोजतात. कापडाचाच पिवळा-केशरी रंग पाण्यात उतरला असेल तर आकडा फुगतो, म्हणून रसायन न घातलेला कोरा अर्क वजा करावा लागतो. शंका उरली तर डायमेडोन घालून खात्री करतात. ही पद्धत १६ च्या खाली बोलत नाही, म्हणून ओको-टेक्सच्या पहिल्या वर्गात ‘सापडू नये’ याचा अर्थ १६ च्या खाली असा आहे. दुसऱ्या वर्गाला ७५. युरोपने १ नोव्हेंबर २०२० पासून कपड्यांना कायद्यानेच ७५ लावले.

बेबी फ्रॉकमध्ये फॉर्मल्डिहाइड येतो मुख्यतः पिगमेंट छपाईतून. बाइंडर आणि फिक्सर पक्के व्हायला साधारण १५० अंशांवर चार-पाच मिनिटं क्युअरिंग लागतं. डिझेल वाचवायला मशीनचा वेग वाढवला की क्युअरिंग कच्चं राहतं. मग फॉर्मल्डिहाइडही वाढतो आणि ओल्या घासणीत रंगही निघतो. हे दोन नापास एकत्र दिसले की रेसिपी बदलण्याआधी स्टेंटरच्या (कापड ताणून तापवणाऱ्या मशीनच्या) आतलं कापडाचं खरं तापमान बघायचं. पॅनेलवर १५० दिसतं, कापड १३० वर असतं.

दुसरा रस्ता आडवळणाचा आहे. नेव्ही किंवा मरून रंग धुण्यात उतरतो, म्हणून प्रोसेसवाला कॅटायनिक डाय-फिक्सर मारतो. स्वस्त फिक्सर फॉर्मल्डिहाइडवर बनलेला असतो. रंगाचा रिपोर्ट सुधारतो आणि सुरक्षेचा बिघडतो. खरा इलाज मूळ दुखण्यावर, म्हणजे न चिकटलेला रंग काढून टाकण्यावर. रिअ‍ॅक्टिव्ह रंगानंतर आधी थंड आणि कोमट पाण्याने मीठ घालवायचं, मग ९० ते ९५ अंशांवर सोपिंग, म्हणजे साबणाच्या पाण्यात धुणं. मीठ असताना उकळलं तर सुटा रंग सुटतच नाही. पाणी आणि वाफ दोन्ही महाग, त्यामुळे कात्री नेहमी इथेच लागते.

टॉवेलचा पीएच

टॉवेलवर रसायनांची भानगड कमी असते. तो अडकतो पीएचवर. ओको-टेक्सच्या पहिल्या दोन वर्गांना ४.० ते ७.५ हवा. आयएसओ ३०७१ प्रमाणे दोन ग्रॅमचे तीन तुकडे, प्रत्येकी १०० मिलीलीटर द्रावणात दोन तास हलवायचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी. कारखान्यात टॉवेलवर थेंब टाकून निर्देशकाने ‘न्यूट्रल’ दिसतो, लॅबमध्ये ८.४ येतो. भांडण इथून सुरू.

दोघंही खरं बोलत असतात. टेरीच्या जाड लूपच्या गाभ्यात सोडा अ‍ॅश अडकून राहतो. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या दहा मिनिटांत वरचा भाग उदासीन होतो, गाभा तसाच. दोन तास हलवल्यावर तो बाहेर येतो. शिवाय अ‍ॅसिटिक ड्रायरमध्ये उडतं. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात बायकार्बोनेट असेल, आणि बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतं, तर सुकताना त्याचं कार्बोनेट होतं आणि पीएच चढतो. त्यामुळे बाथ (धुण्याचं द्रावण) ६.५ ला सोडलेला टॉवेल सुकल्यावर ८ दाखवतो. अ‍ॅसिडला वेळ आणि थोडी ऊब द्यावी, न उडणारं सायट्रिक किंवा कोअर न्यूट्रलायझर वापरावं, शेवटचं पाणी मऊ केलेलं घ्यावं, आणि पीएच बाथचा न मोजता सुकलेल्या टॉवेलच्या अर्काचा मोजावा. साधा पीएच मीटर आणि बाटली हलवायला एक माणूस, एवढ्यात हे कारखान्यातच होतं.

सॉफ्टनर आणि डिटर्जंटमधून येणारं एनपीईओ (नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट) हे टॉवेलचं दुसरं दुखणं. फेब्रुवारी २०२१ पासून युरोपात धुता येणाऱ्या कापडात वजनाच्या ०.०१ टक्का, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम, ही मर्यादा आहे. पुरवठादाराकडून लेखी हमी घ्यावीच, पण बल्कच्या पिंपातून एकदा तपासूनही घ्यावं. हमी कॅनला असते, पिंपात काय ओतलं त्याला नसते.

रंगाचा पक्केपणा

हे खातं वरवर दर्जाचं वाटतं, पण उतरलेला रंग त्वचेवर आणि बाळाच्या तोंडात जातो, म्हणून घाम आणि लाळेच्या चाचण्या सुरक्षेत येतात. घासणीला क्रॉकमीटरवर ९ न्यूटनचा दाब, १० फेऱ्या. ओल्या चाचणीत पांढऱ्या कापडात त्याच्या वजनाच्या ९५ ते १०० टक्के पाणी हवं. इथे आळस झाला की निकाल सरकतो: पाणी कमी तर नापास माल पास. घामाला ३७ अंशांवर चार तास दाबाखाली. धुण्याची ए२एस चाचणी ४० अंशांवर अर्धा तास, भांड्यात १० पोलादी गोळ्या. डाग बघायला सहा धाग्यांची मल्टिफायबर पट्टी. त्यात नायलॉनवरचा डाग सहसा सगळ्यांत आधी दिसतो, सुताचा रिपोर्ट बघून नायलॉनच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नये. ग्रे स्केल, म्हणजे डाग आणि उतरलेला रंग जोखायची करड्या छटांची पट्टी, शेवटी डोळ्यांनी वाचतात. दोन लॅबमध्ये अर्ध्या ग्रेडचा फरक हा घोटाळा नव्हे.

यंत्रावरच्या आकड्यालाही अनिश्चितता असते. मर्यादा ३० आणि निकाल २८ असेल तर तो ‘पास’ कशाच्या आधारावर, हे १७०२५ प्रमाणे लॅबने आधीच ग्राहकाशी ठरवायचं असतं. मागणी अर्जात ‘डिसिजन रूल’चा रकाना असतो. बहुतेक अर्ज तो कोरा ठेवूनच जातात.

बटण, नाडी, सुई, आग

फ्रॉकच्या बटणाला युरोपात बऱ्याचदा खेळण्यांचं मानक ईएन ७१-१ उसनं घेऊन ओढतात: ६ मि.मी.पेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटन, १० सेकंद. बटण तुटत नाही, एकाच धाग्याने टाके घालणारं मशीन असेल तर दोरा सुटतो. लॉकस्टिच हवी. ईएन १४६८२ प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्याला, टोपीला नाडी नाहीच. हॉल्टर (मानेमागून जाणाऱ्या पट्टीच्या) गळ्याला मोकळी टोकंही नाहीत. सुईचा तुकडा शोधायला डिटेक्टर १.० किंवा १.२ मि.मी. लोखंडी गोळीवर, पट्ट्याच्या नऊ ठिकाणी तपासतात. मात्र बटण लोखंडी असेल तर प्रत्येक फ्रॉकला बझर वाजतो आणि दुपारपर्यंत कामगार संवेदनशीलता कमी करून मोकळे होतात. म्हणून धातूचा प्रत्येक भाग आधीच अचुंबकीय घ्यावा, आणि निकेल सोडणारा नसावा.

अमेरिकेला जाणाऱ्या कपड्याला १६ सीएफआर १६१० ची ज्वलन चाचणी: ४५ अंशांत धरलेलं कापड, एक सेकंद ज्योत. सपाट कापडाचं वजन चौरस मीटरला ८८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर सूट आहे. ही सूट टॉवेलच्या कापडाला लागू नाही, कारण टेरीला उठलेले लूप आहेत आणि आग त्या पृष्ठभागावरून धावते. टेरीचा बाथरोब शिवून पाठवणाऱ्याने चाचणी करूनच पाठवावा. १९९४ मध्ये भारतातून गेलेले रेयॉन शिफॉनचे झिरझिरीत स्कर्ट अमेरिकेत परत मागवले गेले. २००९ मध्ये पाकिस्तानात शिवलेले शनिलचे गाऊन परत मागवले, आणि त्यात माणसं भाजून मेली होती. पहिल्यात कापड हलकं होतं, दुसऱ्यात लव होती.

नमुना लॅबला पाठवताना त्याच ठिकाणी शेजारचा तुकडाही कापावा, पॉलिथिनमध्ये बंद करून लॉट क्रमांक, तारीख आणि कापणाऱ्याचं नाव घालून ठेवावा. निकालाचा वाद झाला तर दुसरी लॅब तोच तुकडा मागते, आणि लॉट तोवर रवाना झालेला असतो. रिपोर्टवर लॅबने चिकटवलेला तुकडा किंवा फोटो असतो, तो ठेवलेल्या तुकड्याशी दिवसाच्या उजेडात जुळवून बघावा. रंगाची छटा जुळत नसेल तर रिपोर्ट दुसऱ्या डाय लॉटचा आहे.